पिलारची टेकडी



आपल्या मेहकरच्या शार्ङ्गधर बालाजीची मूर्ती 1888 साली जमिनीखालून वर आली. त्यापूर्वी किती पिढ्या तिच्यावरून चालून गेल्या असतील! देवस्थान लुप्त होते आणि पुन्हा जागेही होते, हे आपणांस नव्याने सांगावयास नको. तशाच एका दूरच्या स्थानाची हकीकत आज सांगावयाची आहे.

पणजीहून मडगावकडे जाताना गोवा वेल्हा गावाजवळ पिलारची टेकडी लागते. तिच्या पायथ्याच्या मुलखात कदंबांची राजधानी गोपकपट्टण होती, आणि टेकडीवर गोवेश्वर शिवाचे देऊळ होते. राजधानी मोडली, देऊळ गेले. पुढे 1613 साली तेथेच फ्रान्सिस्कन साधूंनी मठ बांधला. स्पेनमधील सारागोसा येथे खांबावर उभी असलेली मरियामाता पुजली जाते. तिचे नाव मठाला दिले. पिलार म्हणजे खांब.

दोनशे वर्षे मठ नांदला. मग 1834 साली पोर्तुगाल सरकारने साधूंचे संघ बरखास्त केले, आणि 1835 मध्ये गोव्यातले मठ रिकामे झाले. जुन्या गोव्याच्या टेकडीवरील ऑगस्टीन साधूंच्या प्रचंड चर्चचे छप्पर 1842 साली कोसळले; आज तेथे अर्धा मनोरा तेवढा उभा आहे. पिलारचीही तीच गत व्हावयाची. ती का झाली नाही?

बेंतो मार्तीन्श या धर्मगुरूंनी 1887 साली काणकोणातील आगोंद येथे मिशनऱ्यांची एक संस्था काढली. 1890 च्या सुमारास ती पिलारला आली. हणजुण्याचे आग्नेल डिसोझा 1897 साली तीत दाखल झाले. त्यांनी कुमठ्यापर्यंत जाऊन लोकांची सेवा केली आणि 1927 साली राशोल येथे देह ठेवला. पुढे संस्था अगदी खालावली. 1939 साली तिची पुन्हा उभारणी झाली. त्याच वर्षी आग्नेल यांच्या अस्थी पिलारला आणल्या. तेव्हापासून भाविकांची रीघ सुरू आहे. 20 नोव्हेंबरला, त्यांच्या पुण्यतिथीस, ती विशेष असते. 1986 साली रोमने त्यांना 'पूजनीय' ही पदवी दिली. त्यांच्या नावाने वांद्रे आणि वाशी येथे तंत्रशिक्षणाच्या संस्था चालतात. कामगाराच्या मुलाला यंत्रापुढे उभे राहण्याचे बळ अशाच शिक्षणातून मिळते.

मित्रहो, पहिल्या मठाला राजाचा आश्रय होता. राजाचा कागद निघताच त्याला कुलूप लागले. दुसरा मठ त्याच भिंतींत उभा राहिला, पण त्याची माणसे त्याच मातीतली होती. कामगार संघटनेत आम्ही हेच पाहतो. मालकाच्या मेहेरबानीवर चालणारी संघटना मालकाची मर्जी फिरताच बसते. सभासदांच्या वर्गणीवर चालणारी कधी दहा माणसांवर येते, पण दहा उरले तर पुन्हा हजार होतात. देवस्थान असो, वाचनालय असो की आपली ही व्याख्यानमाला असो. तिचा खरा खांब दगडाचा नसतो, माणसांचा असतो.