तबकडीतील श्रुती आणि बिनतारी स्पीकर

जुन्या तबकड्या ऐकण्याचा छंद अलीकडे पुन्हा मूळ धरू लागला आहे. हौसेने नवे टर्नटेबल घेतले जाते, पण त्याच्या जोडीला पूर्वीचा ॲम्प्लिफायर आणि लाकडी खोक्यांतले भलेमोठे स्पीकर घरात नसतात. असतो तो ब्लूटूथवर चालणारा एखादा बिनतारी स्पीकर. मग आजोबांच्या संग्रहातील अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी त्यावर लावली जाते आणि गळा बसल्यासारखा, स्वर हलल्यासारखा वाटतो. दोष ताबडतोब बिनतारी यंत्रणेच्या माथी मारला जातो. हा निवाडा कितपत न्याय्य आहे हे पाहायचे, तर शंभराहून अधिक वर्षे मागे जाऊन सांगली-साताऱ्याकडच्या एका वादाची आठवण करावी लागते.

१९१० साली कृष्णाजी बल्लाळ देवल यांचे हिंदुस्थानी स्वरसप्तक आणि बावीस श्रुती या विषयावरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर, आणि 'शारदा'कार गो. ब. देवल यांचे बंधू. म्हणजे सांगलीलगतच्या हरिपूरच्या घराण्यातले. त्यांना साथ मिळाली ती साताऱ्यास जिल्हा न्यायाधीश असलेल्या अर्नेस्ट क्लेमंट्स यांची. महसूल खात्यातला एक आणि न्यायखात्यातला एक, असे हे दोन अधिकारी श्रुतींची मोजणी करायला बसले, हे चित्र मोठे गमतीचे आहे. परंतु त्यांची निष्ठा संशयातीत होती. तारेची लांबी मोजून स्वरांची गुणोत्तरे काढायची आणि ती प्रत्यक्ष गायकाच्या गळ्याशी ताडून पाहायची, अशी त्यांची रीत. तो गळा त्यांना लाभला अब्दुल करीम खाँ यांचा. पुढे दोघांनी 'फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' ही संस्था काढली, लंडनच्या मूर अँड मूर या कारखान्याकडून श्रुतींची पेटी बनवून घेतली, आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तो विषय चर्चेला आला. भातखंड्यांना हे गणित मान्य नव्हते, आणि जाणकारांनाही ती पेटी पटली नाही.

राग आकड्यांत पकडता येतो ही देवल-क्लेमंट्स यांची श्रद्धा आज भाबडी वाटते. १९६३ साली जयरझभॉय आणि स्टोन यांनी ध्वनिमुद्रणांवरून स्वरांची मोजमापे केली, तेव्हा एकच स्वर गायकागणिक, इतकेच नव्हे तर एकाच मैफलीत वेगवेगळा लागतो, असे दिसून आले. तरीही या दोघांचे एक ऋण मानले पाहिजे. कानाला जाणवणाऱ्या सूक्ष्म फरकाला त्यांनी हिशेबात आणले. ८१ : ८० हे गुणोत्तर, ज्याला प्रमाणश्रुती म्हटले जाते, त्यातला फरक अवघा सव्वा टक्का. चढा गंधार आणि उतरता गंधार यांच्यातला वाद एवढ्याशा जागेत होतो. हा सव्वा टक्का वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तोच कामी येणार आहे.

खाँसाहेब १९३७ साली, मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळ कोईल स्टेशनवर निवर्तले. त्यांची कबर मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. त्यांच्या गळ्याची साक्ष आता तबकड्याच देतात. शतकाच्या आरंभीच्या तबकड्या कर्ण्यात तोंड घालून मुद्रित झालेल्या. त्या पद्धतीत दोन-अडीच हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही उमटत नसे. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी म्हणजे तर वरच्या उपस्वरांचीच आरास. ती त्या तबकड्यांत नाही, आणि कोणत्याही महागड्या यंत्रातून ती निघणार नाही. (याच तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.) अखेरच्या वर्षांतली ओडियन कंपनीची मुद्रणे मात्र विद्युत पद्धतीची आहेत. त्यांत गळ्याची कांती पुष्कळ उतरली आहे. लहानग्या भीमसेन जोशींना घर सोडायला लावणारा आवाज तबकडीतलाच होता, हे सर्वश्रुत आहे. आणि तो आवाज त्यांना चावीच्या ग्रामोफोनच्या काळातल्या सामग्रीतून ऐकू आला होता, हेही विसरू नये.

आता आजच्या टर्नटेबलाकडे वळू. लाखेची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते. बाजारातली अनेक नवी टर्नटेबले फक्त ३३ आणि ४५ ची असतात, तेव्हा खरेदीपूर्वीच हे पाहावे. फेरे ७८ ऐवजी ७५ झाले तर खाँसाहेबांचा षड्ज अर्ध्या स्वराच्याही दोन-तृतीयांशाने खाली येतो. तथापि त्याने रागातली गुणोत्तरे बिघडत नाहीत. सारे गाणेच खाली सरकते. खरा घात होतो तो तबकडीच्या मधल्या छिद्राने. हे छिद्र केंद्रापासून एक मिलिमीटर सरकलेले असेल, तर केंद्रापासून दहा सेंटिमीटरवरच्या खाचेत स्वर एक टक्का वर आणि एक टक्का खाली असा झुलतो. तबकडी संपत येते तिथे, पाच सेंटिमीटरवर, हाच झोका दुप्पट होतो. म्हणजे देवलांची प्रमाणश्रुती एका फेऱ्यात गिळून टाकण्याइतका. दर पाऊण सेकंदाला येणारा हा हेलकावा अनभिज्ञ श्रोत्याला आंदोलनासारखा भासतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. ज्या तबकडीवर पेटीची साथ आहे तिथे पेटीच्या सुराकडे कान द्यावा. पेटी झुलू शकत नाही. ती झुलत असेल तर दोष छिद्राचा. श्रुतींच्या संदर्भात जिला आयुष्यभर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, तीच इथे विश्वासार्ह साक्षीदार ठरते! सुईचा दांडा डावीउजवीकडे डोलताना दिसला की तबकडी किंचित सरकवून तो डोल कमी करता येतो, मात्र त्यासाठी छिद्र थोडे सैल हवे.

गळा बसल्यासारखा का वाटतो, त्याचेही कारण स्पीकरच्या अलीकडेच आहे. दीर्घमुद्रिकेच्या सुईचे टोक वीस-पंचवीस मायक्रॉनचे. लाखेच्या तबकडीची खाच रुंद, तिला पाऊणशे मायक्रॉनच्या आसपासचे टोक लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी, जिथे धूळ आणि झीज साठलेली असते तिथे, खडखडत फिरते. शिवाय टर्नटेबलातल्या फोनो प्रीॲम्पमध्ये १९५४ नंतर रूढ झालेला मापदंड बसवलेला असतो. तो वरच्या कंपनांना मोठ्या प्रमाणात कात्री लावतो, कारण दीर्घमुद्रिका कापताना ती मुद्दाम वाढवलेली असतात. १९३० नंतरच्या त्या दशकातल्या तबकड्यांत सर्वसाधारणपणे ती तशी वाढवलेली नव्हती. परिणामी खाँसाहेबांच्या आवाजातली धार कापली जाते. स्पीकरच्या ॲपमध्ये 'ट्रेबल' थोडे वाढवले आणि 'बास' कमी केला, तर बरीचशी भरपाई होते.

मग बिनतारी दुव्याकडे काय उरले? ब्लूटूथ ध्वनी आवळून पाठवते, हे खरे. तबकडीची खरखर आवळणे त्याला जडही जाते. वाय-फायवरचे काही स्पीकर असे न आवळता पाठवतात, ते अर्थातच बरे. परंतु आवळल्याने श्रुती सरकत नाही. ध्वनी किंचित उशिरा पोहोचतो, पण तबकडी ऐकताना त्याने काय बिघडते? एक पथ्य मात्र पाळावे. स्पीकर आणि टर्नटेबल एकाच फळीवर ठेवू नयेत, नाहीतर स्पीकरचा कंप पुन्हा सुईत शिरतो. आणि एकच स्पीकर असल्याचे दुःख करू नये. या तबकड्या एकमार्गी आहेत. दोन्ही वाहिन्या एकत्र केल्या की सुईच्या वरखाली हालचालीतून आलेली खरखर एकमेकींना मारते आणि गाणे स्वच्छ होते.

तबकडी पुसण्याविषयी एकच सांगतो. दीर्घमुद्रिकांसाठी मिळणाऱ्या स्पिरिटयुक्त द्रवांना हातही लावू नये, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. ओल्या मऊ फडक्याने, मधल्या कागदी चिठ्ठीला पाणी लागू न देता, खाचांच्या दिशेने पुसावे आणि सावलीत वाळू द्यावे.