वाघाची नमुना सही

आमच्या हदगावात स्वित्झर्लंड पाहिला नाही असा माणूस सापडायचा नाही. बर्फाचे डोंगर, खाली निळेशार तळे, काठावर लाकडी घर आणि त्या घराच्या बरोबर खाली 'खते, बी-बियाणे व औषधे' ही ठळक अक्षरे. मे महिन्यात पारा ४३च्या पुढे सरकला म्हणजे भिंतीवरच्या त्या बर्फाकडे बघत आम्ही पंख्याची वाट पाहतो आणि पंखा विजेची वाट पाहतो. कॅलेंडरच्या बारा पानांपैकी एक पान वाघाला राखीव असते. तो पाणवठ्यावर ऐटीत बसलेला असतो आणि त्याच्या मिशांखालच्या चौकटींत आमची सौ. दुधाचे खाडे मांडते. हल्ली मोबाइलच्या कृपेने पेंग्विनसुद्धा सकाळी सहाला शुभेच्छा घेऊन दारात उभा असतो.

ही चित्रे आपल्या मुलखात सुरू कधी झाली, हा प्रश्न मला पडला याचे कारण मी बी.कॉम. आहे. कुठलेही खाते दिसले की त्यातली पहिली नोंद पाहिल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. मागे मागे जात राहिलो. वाटले होते, लंडन-पॅरिसला जावे लागणार. पण नोंद निघाली अजिंठ्यात! म्हणजे आमच्याच जुन्या निजामी मुलखात. हदगाव आणि अजिंठा, दोन्ही एकाच मालकाचे.

मेजर रॉबर्ट गिल हा मद्रासच्या फौजेतला साहेब. १८४४ साली लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला त्याची नेमणूक झाली. तो आला आणि अजिंठ्यातच राहिला. पारोची गोष्ट आपल्याला ठाऊकच आहे, म्हणून ती सोडतो. त्याने वर्षानुवर्षे खपून केलेली मोठमोठी चित्रे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगली होती. १८६६च्या डिसेंबरात तिथे आग लागली आणि त्यातली बहुतेक जळून खाक झाली. इतक्या वर्षांची शिल्लक एका रात्रीत शून्य. हे वाचताना माझ्या पोटात खड्डा पडला होता.

पण हा गडी दरम्यान कॅमेराही शिकला होता. १८६४ साली लंडनला त्याची दोन पुस्तके निघाली. एकात लेण्यांचे ७४ फोटो, आणि दुसऱ्यात पश्चिम हिंदुस्थानातल्या वास्तू आणि प्राणी मिळून शंभर जोडफोटो. जोडफोटो म्हणजे एकाच दृश्याची शेजारी शेजारी दोन चित्रे. दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहिली की चित्र उठून अंगावर येते. त्या काळी इंग्लंडातली बिऱ्हाडे संध्याकाळी हे यंत्र डोळ्यांना लावून जग हिंडून यायची. आमच्या जत्रेतल्या बायस्कोपवाल्याचा हा साहेबी चुलतभाऊच.

आता गंमत पाहा. गिलसाहेब नामांकित शिकारी. पुस्तकातले त्याचे प्राणी आहेत ते बंदूक वाजल्यानंतरचे. त्याला इलाजही नव्हता. त्या वेळचा फोटो काचेवर निघे. काचेला औषध फासायचे, ते ओले असतानाच कॅमेऱ्यात घालायची, काही सेकंद झाकण उघडे ठेवायचे आणि औषध वाळायच्या आत काळ्या तंबूत पळत जाऊन धुऊन काढायची. आपल्याकडच्या उन्हात औषध वाळायला कितीसा वेळ लागतो, ते ज्यांच्या घरी कुरडया घालतात त्यांना विचारा. तेवढे सेकंद समोरच्याने हलायचे नाही. कर्जाच्या फॉर्मसाठी फोटो काढताना आमचे खातेदार हलतात, तर वाघाची काय कथा? म्हणून आधी बंदूक, मग कॅमेरा. जणू खातेदाराचा पहिला फोटो त्याचे खाते बंद करतानाच काढायचा!

पुढे हा शिरस्ताच पडला. त्या शिरस्त्याचे बादशहा म्हणजे लाला दीनदयाळ. यांचा जन्मही १८४४चाच, मेरठजवळच्या सरधन्याचा. यांच्याबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे, कारण मुळात ते इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला होते. फोटोच्या नादापायी आधी लांब रजा काढली आणि मग नोकरीच सोडली. (आमच्याकडे रजेचा अर्ज पाहूनच मॅनेजरसाहेबांचा चेहरा ओल्या काचेसारखा होतो.) सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार केले आणि 'राजा मुसव्विर जंग बहादूर' हा किताब दिला. निजाम शिकारीचे मोठे शौकीन. शिकारीच्या तळावरचे दीनदयाळांचे फोटो पाहावेत: तंबू, हत्ती, खुर्चीवर सरकार आणि पुढ्यात ओळीने मांडलेले वाघ. फोटो अप्रतिम आहेत. सावल्या कशा, चेहरे कसे, नजर हटत नाही. आणि मग पुन्हा त्या ओळीकडे लक्ष जाते.

जिवंत जनावराचे काम पुढे इतरांनी केले. अमेरिकेत जॉर्ज शायरस नावाच्या गृहस्थाने रात्री होडीतून उजेडाचा भपका उडवून हरणे टिपली. १९०६च्या जुलैत 'नॅशनल जिऑग्राफिक'ने त्याचे फोटो छापले. तेही नेमके ७४! मासिकाचे चित्रांचे पुस्तक झाले म्हणून दोन संचालकांनी राजीनामे दिले. आपल्याकडे एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या जंगल अधिकाऱ्याने वाघाच्या वाटेवर तार लावली. पाय लागला की उजेड, की फोटो. १९२७ साली त्याचे पुस्तक आले. वाघाने स्वतःच स्वतःचा फोटो काढायचा, ही कल्पना मला फार सोयीची वाटते. आमच्या पासबुकाच्या यंत्रामागेही तोच विचार आहे.

आज हेच यंत्र जंगलाचा हिशेब ठेवते. पूर्वी वाघ मोजायचे ते पंजाच्या ठशांवरून. राजस्थानात सरिस्क्याला कागदावर वाघ शिल्लक होते. २००५च्या सुमारास प्रत्यक्ष पडताळणी झाली तेव्हा एकही निघाला नाही. आमच्याकडे वही आणि तिजोरी यांत दहा रुपयांचा फरक आला तर रात्री दहापर्यंत कुणी घरी जात नाही! त्यानंतर देशभर कॅमेऱ्यांनी मोजणी झाली आणि २००८ साली आकडा जाहीर झाला १,४११. फोटोवरून वाघ ओळखतात तो पट्ट्यांवरून. एका वाघाचे पट्टे दुसऱ्याशी जुळत नाहीत. त्याच्या स्वतःच्या डाव्या कुशीचेही उजवीशी जुळत नाहीत, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात. म्हणजे ही नमुना सहीच, आणि तीही दोन प्रतींत.

२०१९ साली पलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा एक तरुण वाघ गळ्यात पट्टा घालून निघाला. आमच्या पैनगंगेच्या खोऱ्यातून, कापसा-सोयाबीनच्या रानांतून १,३०० किलोमीटरच्या वर चालून डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. दुसरा निघाला तो गौताळ्याला गेला, म्हणजे अजिंठ्याच्याच डोंगररांगेत, गिलच्या शेजारात. २०२१च्या मार्चमध्ये तिथल्या कॅमेऱ्यासमोरून तो गेला. वनखात्याने टिपेश्वरच्या नोंदींशी पट्टे ताडून पाहिले, सही जुळली. १९४०नंतर तिथे वाघाची नोंद नव्हती.

हे मी शाखेत सांगितले. आमचा शिपाई टोकन गोळा करता करता थांबला.

"सायेब, वाटंत गावं किती लागली असतील?"

"शेकड्यांनी."

"मंग त्याला कुनी पाह्यलं न्हाई?"

"क्वचितच."

त्याने जरा विचार केला. "म्हंजे आमच्या आखाड्यावरूनबी गेला आसंल," तो म्हणाला, आणि मुठीतली टोकने पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.