नाटेकर, गौरव

नाटेकर, गौरव : (४ एप्रिल १९७२ – ). भारताचे व्यावसायिक टेनिसपटू, डेव्हिस चषक स्पर्धेतील खेळाडू व १९९४ च्या आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदक विजेते.

त्यांचे वडील बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर (→ नाटेकर, नंदू) सांगलीचे. कुमारवयात ते टेनिसच खेळत. १९५१-५२ च्या राष्ट्रीय कुमार स्पर्धेच्या अंतिम फेरीत रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ मध्ये क्वालालंपूरची सेलंगोर स्पर्धा जिंकून आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. वडिलांनी सोडलेला खेळ मुलाने धरला, हा या घराण्याचा लक्षणीय विशेष होय. दोन्ही खेळांत रॅकेट व जाळे असले, तरी तंत्र वेगळे. बॅडमिंटनचे हलके फूल मुख्यतः दंड व कोपराखालील हात झटक्यात फिरवून मारले जाते, तर टेनिसच्या जड चेंडूला खांद्याचा व कमरेचा जोर लागतो (→ टेनिस, बॅडमिंटन).

गौरव यांनी राष्ट्रीय विजेतेपद सात वेळा मिळवले. त्यांच्या कारकिर्दीचा कळस हिरोशिमा येथे गाठला गेला. १९९४ च्या आशियाई स्पर्धेत लिअँडर पेस (→ पेस, लिअँडर) यांच्या साथीने त्यांनी पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक पटकावले. सांघिक सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातही ते होते.

त्यांच्या पत्नी आरती पोनप्पा याही टेनिसपटू. निवृत्तीनंतर गौरव प्रशिक्षणाकडे वळले.

अर्जुन पुरस्कार सुरू झाला त्या वर्षी, १९६१ मध्ये, तो नंदू नाटेकर यांना मिळाला. गौरव यांना १९९६ मध्ये (→ अर्जुन पुरस्कार).