बिल्ल्यावरचे नाव

कुरुंदवाड म्हटले की पटवर्धनांचे संस्थान आठवते आणि त्याबरोबरच विष्णुपंत छत्रे यांचे नाव. संस्थानच्या पदरी घोड्यांना शिक्षण देणाऱ्या या गृहस्थांनी १८७९ साली मुंबईस आलेली कियारिनी या इटालियन माणसाची सर्कस पाहिली आणि २० मार्च १८८० रोजी मुंबईतच आपल्या सर्कशीचा पहिला खेळ केला. छत्र्यांचे नाव इतिहासाने जपले. परंतु अशा तंबूंबाहेर चणेफुटाणे विकून पोट भरणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली?

त्याच शतकातील जागतिक प्रदर्शनांनी मात्र सामान्य दुकानदाराचीही आठवण मागे ठेवली. लंडनचे १८५१ चे प्रदर्शन सुमारे ६० लाख लोकांनी पाहिले. कोलंबसच्या सफरीस ४०० वर्षे झाली म्हणून शिकागोस १८९३ मध्ये भरलेल्या प्रदर्शनास अडीच कोटींहून अधिक प्रवेश झाले. ही गर्दी पाहून व्यापाऱ्यांनी नाण्याएवढे जाहिरातीचे बिल्ले पाडून घेतले. एका बाजूस प्रदर्शनाची इमारत किंवा कोलंबसचे चित्र, दुसऱ्या बाजूस दुकानाचे नाव, माल आणि पत्ता. कागदाची जाहिरात माणूस फेकून देई. नाण्यासारखी वस्तू टाकवत नसे. बहुतेक बिल्ले पितळेचे किंवा पांढऱ्या मिश्रधातूचे असत. १८८६ मध्ये ॲल्युमिनियम स्वस्तात काढण्याची रीत सापडल्यावर शिकागोच्या बिल्ल्यांत तो नवा, हलका धातूही आला.

लंडनचा काचेचा महाल दुसरीकडे हलविला गेला आणि १९३६ मध्ये जळाला. शिकागोच्या शुभ्र इमारतींपैकी पुष्कळ १८९४ च्या आगीत गेल्या. बिल्ले उरले. म्हणूनच संग्राहक त्यांत पैशांचे मोल शोधण्याआधी पत्ता वाचतात. त्या काळच्या शहरांच्या व्यापारी सूचींत तो पत्ता सापडला, की दुकान केव्हा होते, कोणत्या रस्त्यावर होते, हे कळते आणि विसरलेला एक माणूस पुन्हा उभा राहतो.

आपल्याही घरांत जुन्या डब्यांच्या तळाशी बिल्ले, पदके, दुकानांची छापील पत्र्याची झाकणे पडलेली असतात. ती मोडीत घालण्यापूर्वी वाचकांनी त्यांवरची अक्षरे वाचावीत. चिंच लावून घासू नयेत; घासण्याने झिजते ते नेमके नावच. कोठून, कोणाकडून मिळाले, हे चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे. थोरांचे चरित्र लिहिणारे पुष्कळ असतात. लहानांचे चरित्र कित्येकदा धातूच्या एवढ्याशा चकतीवरच मावलेले असते, असे आम्हांस वाटते.