खड्ड्याची गोष्ट: भुसावळ ते मामांचं गॅरेज

'खड्डा' म्हटलं की आपल्यासारख्या नोकरदार मंडळींना रस्त्यावरचाच खड्डा आठवतो. आणि मग महानगरपालिका, कंत्राटदार, कंबरदुखी वगैरे नेहमीचं कीर्तन सुरू होतं. आज तो विषय नाही. आजचा खड्डा मुद्दाम खणलेला आहे, नीट बांधलेला आहे आणि त्यात उतरायला पायऱ्या आहेत. गाडी वर उभी करायची, आपण खाली उतरायचं आणि गाडीच्या पोटाखाली ताठ उभं राहून काम करायचं. गॅरेजवाले याला नुसतं 'पिट' म्हणतात.

फॉर्म्युला वनमुळे 'पिट स्टॉप' हा शब्द सगळ्यांना पाठ असतो. पण त्यात 'पिट' कुठून आला? १९०८ साली फ्रान्समध्ये दिएप इथे ग्रां प्री झाली, तेव्हा रस्त्याच्या कडेला चक्क चर खणून त्यात प्रत्येक संघाच्या माणसांची सोय केली होती. पुढे चर गेला, नाव राहिलं. आपल्या कोडमध्ये नाही का, दहा वर्षांपूर्वीच्या व्हेरिएबलचं नाव तसंच राहतं आणि आतला माल पूर्ण बदललेला असतो, त्यातला प्रकार :)

हा विषय डोक्यात शिरायचं कारण म्हणजे माझे मामा. धुळ्याला एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं, निवृत्त होऊन जळगावात स्थायिक झाले. दारात एक जुनी जीप आहे. तिची सर्व्हिसिंग दुसऱ्या कोणी केलेली त्यांना चालत नाही. आता गुडघे बोलायला लागले, गोणपाट टाकून गाडीखाली सरपटत जाणं जमेना, तेव्हा त्यांनी जाहीर केलं की घरच्या गॅरेजमध्ये पिट बांधायचा. भाचा इंजिनियर, म्हणून ड्रॉइंगचं काम माझ्याकडे. (सॉफ्टवेअर इंजिनियर आणि सिव्हिल इंजिनियर यांत मामा फरक करत नाहीत.) ड्रॉइंग काढण्याआधी वाचायला बसलो आणि तिथून ही गोष्ट सुरू झाली.

खान्देशात या खड्ड्याचं मूळ शोधायचं तर आधी भुसावळला जावं लागतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि १८६० च्या दशकात जी.आय.पी. रेल्वे खान्देशात पोचली. १८६७ पर्यंत भुसावळहून फुटलेला फाटा नागपूरला जाऊन भिडला. १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता लाईन जोडली गेली. भुसावळ जंक्शन झालं, आणि जंक्शन म्हटलं की इंजिनांची शेड आलीच.

वाफेच्या इंजिनाला खड्ड्याशिवाय जगताच येत नाही. रात्रंदिवस कोळसा जळतो, त्याची राख अग्निपेटीखालच्या ट्रेमध्ये साठते. ती काढली नाही तर खालून हवा मिळत नाही आणि आग मंदावते. म्हणून शेडमध्ये दोन रुळांच्या मधोमध लांबलचक खड्डा बांधायचा, इंजिन त्यावर आणायचं आणि राख खाली पाडायची. दुसरा खड्डा तपासणीचा. चाकांच्या आत, सांगाड्याच्या मधे बसवलेल्या भागांना तेल घालायचं, नटबोल्ट ठोकून बघायचे. डोक्यावर कित्येक टनांचं गरम इंजिन आणि खाली तेलाचं भांडं घेतलेला माणूस!

वाफ गेली तरी खड्डा गेला नाही. १९६० च्या दशकात या मार्गाचं विद्युतीकरण झालं आणि भुसावळला विजेच्या इंजिनांची शेड आली. या इंजिनांच्या मोटारी खाली, चाकांच्या आसांना टांगलेल्या असतात. जुन्या डी.सी. मोटारींमध्ये कार्बनचे ब्रश झिजत, ते खालून बघावे आणि बदलावे लागत. डब्यांचंही तेच. आजही लांब पल्ल्याची गाडी धुवायला-तपासायला नेतात त्या मार्गाला रेल्वेत 'पिट लाईन' म्हणतात.

आता रुळांवरून रस्त्यावर येऊ. धुळं हे मुळात रस्त्यांचं गाव. मुंबई-आग्रा रस्ता इथूनच जातो, शहरातल्या मुख्य रस्त्याचं नावही आग्रा रोड. सुरत-नागपूरचा रस्ता त्याला इथेच छेदतो (जुने राष्ट्रीय महामार्ग ३ आणि ६). १९०० मध्ये चाळीसगावहून रेल्वेचा फाटाही आला, पण धुळ्याचा खरा संसार चालला तो रस्त्यावर.

आणि जुन्या मोटारींना खालून फार लाड लागत. आजच्या गाडीवाल्याला कल्पना येणार नाही, पण त्या काळी स्प्रिंगांचे सांधे, स्टिअरिंगचे सांधे, पुढच्या चाकांचे किंगपिन, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, प्रत्येक ठिकाणी ग्रीस निपल असे. दर काही शे मैलांनी ग्रीसगन घेऊन खाली जायचं आणि एकेक निपल भरायचा. एक चुकला तर तो सांधा कोरडा पडून झिजणार. म्हणजे दर आठवड्याला गाडीखाली जाणं आलं, आणि जाण्याचे मार्ग तीनच: जमिनीवर झोपा, गाडी वर उचला, नाहीतर स्वतः खाली जा.

गाडी उचलायचं यंत्र अमेरिकेत मेम्फिस शहरातल्या पीटर लुनाटी नावाच्या मेकॅनिकने १९२० च्या दशकात बनवलं. कल्पना सुचली म्हणे न्हाव्याच्या वरखाली होणाऱ्या खुर्चीवरून. तिकडे लिफ्ट पसरली. पण लिफ्टला पैसा लागतो, खड्ड्याला कुदळ. आपल्याकडे कुदळ जिंकली. शिवाय कुठे कुठे खड्ड्याचा उलटा भाऊ, म्हणजे 'रॅम्प': दोन दगडी भिंती, चढ देऊन बांधलेल्या, त्यावर ट्रक चढवायचा आणि मधल्या मोकळ्या जागेत उभं राहून काम करायचं.

मग आली एस.टी. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर ही पहिली गाडी धावली आणि पुढच्या दशकांत तालुक्या-तालुक्याला आगारं उभी राहिली. आगार म्हणजे पिट आलाच. मामांच्या तोंडून आगारातल्या रात्रीचं वर्णन ऐकावं. दिवसभर खेड्यापाड्यांतून धूळ खाऊन आलेल्या गाड्या रात्री एकामागून एक पिटवर येतात. खाली दोघं: एकाच्या हातात ग्रीसगन, दुसऱ्याच्या हातात हातोडी आणि दिवा. पाटे तुटलेत का, यू-बोल्ट ढिले आहेत का, ब्रेक किती उतरलेत, तेल कुठून गळतंय. पहाटे पाचला तीच गाडी चोपडा नाहीतर शिरपूरला निघणार, त्यात पन्नास माणसं बसणार. "ब्रेक फेल झाला असं पेपरात येतं ना," मामा म्हणतात, "जो होत नाही तो पेपरात येत नाही. तो पिटमध्ये सापडलेला असतो."

मला हे वाक्य फार आवडलं. आपल्याकडे टेस्टिंगवाल्यांची हीच व्यथा आहे.

पण खड्डा ही एकमेव सोय नाही, धोकाही आहे. आणि गंमत अशी, की हा धोका आपल्या लोकांना मोटारीच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता. पेव आठवतंय? 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आपण सर्रास वापरतो, पण पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. आतून कडबा-गवत लावायचं, ज्वारी भरायची, वर दगड ठेवून मातीने लिंपून टाकायचं. बंद धान्यही श्वास घेतं. आतला प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. तो हवेपेक्षा दीडपट जड, त्यामुळे तळाशीच बसून राहतो. म्हणून पेव उघडलं की लगेच कोणी उतरायचं नाही, वाफ जाऊ द्यायची, दिवा सोडून बघायचा, आणि मगच दोर बांधून माणूस खाली. विहिरीचीही तीच गोष्ट. त्यात पुढे ऑइल इंजिनं आली. पंप पाणी वर खेचू शकतो ते जेमतेम सात-आठ मीटर, म्हणून पाणी खोल गेलं की इंजिनच विहिरीतल्या कट्ट्यावर उतरवायचे. ते चालू असताना खाली गेलेला माणूस धुराने तिथेच कोसळायचा, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही.

गॅरेजचा पिट हे त्याच पेवाचं भावंड. पेट्रोलची वाफ हवेच्या तिप्पट-चौपट जड. एल.पी.जी. दीड ते दोनपट जड. दोन्ही खाली उतरून खड्ड्यात भरतात. (सी.एन.जी. हलका, तो वर जातो, पण मग छताचा विचार करावा लागतो.) इंजिन चालू ठेवलं तर कार्बन मोनॉक्साइड, ज्याला रंग नाही की वास नाही. इथे एक फरक मात्र लक्षात ठेवण्यासारखा: पेवात दिवा सोडून बघत, तो उपाय इथे अजिबात करायचा नाही. पेट्रोलच्या वाफेत ज्योत म्हणजे स्फोट. म्हणूनच वर्कशॉपमध्ये पिटसाठी कमी व्होल्टेजचे बंदिस्त दिवे वापरतात.

एस.टी. सुरू झाली त्याच वर्षी, १९४८ मध्ये, देशाचा कारखाना कायदा झाला. त्याच्या ३३ व्या कलमात जमिनीतल्या खड्ड्यांना झाकण किंवा कठडा हवा असं होतं, आणि ३६ व्या कलमात विषारी वायूच्या बंदिस्त जागेत माणूस उतरवण्याबद्दलची काळजी होती. पुढे कायद्यांची नावं बदलली, वायूंचे गुणधर्म नाही बदलले. मात्र असले कायदे कारखान्यासाठी. घरच्या गॅरेजमध्ये कुठला इन्स्पेक्टर येणार?

आता मामांच्या खड्ड्याकडे येतो. जळगावची जमीन काळी. केळी आणि कापसाला उत्तम, बांधकामाला वैरी. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खड्ड्याच्या भिंतीला ती दरवर्षी बाहेरून ढकलणार. साध्या विटांची भिंत दोन-चार पावसाळ्यांत आत फुगते. यावर आय.आय.टी. मुंबईचे प्रा. कट्टी यांनी कालव्यांसाठी मोठं काम केलं आहे. काळी माती आणि बांधकाम यांच्या मधे न फुगणाऱ्या मातीचा जाड थर द्यायचा, हे त्याचं सार. घरगुती भाषेत: खड्डा मापापेक्षा मोठा खणा, भिंत आर.सी.सी. करा आणि भिंतीमागे काळी माती परत न भरता मुरूम ठोकून भरा.

बाकी मापं मामांना तोंडपाठ. रुंदी अडीच ते तीन फूट, म्हणजे चाकं दोन्ही बाजूंना निवांत बसतात. खोली माणसाच्या उंचीवर: साडेपाच फुटी माणसाला पाच फूट. काठावर लोखंडी अँगल उभा, चाक घसरून आत जाऊ नये म्हणून. एका टोकाला छोटी टाकी, पाणी आणि सांडलेलं तेल जमायला. पायऱ्या दोन्ही टोकांना, कारण एका बाजूला आग लागली तर दुसरी वाट हवी. काम नसताना वर जाड फळ्या. गॅरेजचं दार काम संपेपर्यंत उघडं. इंजिन बंद. आणि पेट्रोलची टाकी उघडायचं काम पिटवर करायचंच नाही.

एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न रास्त आहे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली, तिथून हळूहळू ग्रीस निपल गायब होत गेले. सांधे बंदिस्त झाले. विजेच्या गाडीला तर ऑइल बदलायचंही काम नाही. भुसावळच्या शेडमध्येही नव्या थ्री-फेज मोटारींना ब्रश नाहीत. पण खड्डा अगदीच मेला असंही नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून झटपट ऑइल बदलून देणारी दुकानं निघाली, त्यातली बरीच खड्ड्यावरच चालतात. आणि आग्रा रोडला रात्री कधी थांबून बघा, जॅकवर उचललेल्या ट्रकखाली आजही कोणीतरी डांबरावर पाठ टेकून पडलेला असतो. जॅक सरकला तर संपलं. खड्ड्याचा मोठेपणा मला इथे दिसतो. त्याने मेकॅनिकला ताठ उभं केलं.

म्हणून माझं मत मामांच्या बाजूने पडलं. ड्रॉइंग काढलं, पाठवलं. खाली एक नियम ठळक लिहिला: एकट्याने उतरायचं नाही, वर काठावर दुसरा माणूस हवाच. पेव असो, विहीर असो, भुसावळची शेड असो की एस.टी.चं आगार, जिथे जिथे खड्ड्याने माणसं गिळली नाहीत तिथे वर कोणीतरी उभं होतं. भिंत, मुरूम, दिवा हे सगळं त्यानंतर येतं.

मामांचा फोन आला. ड्रॉइंग पसंत होतं. पायरीची उंची एक इंचाने कमी करायला सांगितली, आणि मग म्हणाले, "खड्डा होईल रे. पण तो वरचा माणूस कुठून आणू? तुम्ही सगळी पोरं तर पुण्याला."

ड्रॉइंगमध्ये याचं उत्तर नाही. तूर्त ठरलंय ते असं: सर्व्हिसिंग महिन्यातून एकदा, आणि तेही मी जळगावला असेन त्याच शनिवारी. तिकिटं पुढच्या तीन महिन्यांची काढून ठेवली आहेत.