कोबुर्ग कुळातील एक राजा, ख्रिस्त-संघ आणि आपला धर्मप्रांत

महोत्सवाच्या मंगल प्रसंगी धर्मग्रामातील लोक आपल्या पूर्वसूरींचे स्मरण करतात. कोणत्या पाद्रींनी प्रथम येथे मिस्सा अर्पण केली, मंदिराचा पाया कोणी घातला, हे मुलाबाळांस सांगतात. परंतु त्याहून मागे जाऊन एक प्रश्न विचारला पाहिजे, तो असा की, ख्रिस्तसभेत मेंढपाळ नेमण्याचा अधिकार कोणाचा? आज पोपमहाराज बिशपांची नेमणूक करतात व आपण निःशंकपणे ती मान्य करतो. तथापि ह्याच प्रश्नावरून हिंदुस्थानातील कॅथलिक समाज कित्येक पिढ्या दुभंगला होता. त्या कलहातील एका मोठ्या तहाच्या वेळी पोर्तुगालच्या सिंहासनावर जो राजा होता, तो पितृकुळाने जर्मन होता, आणि एका प्राचीन शूरवीर-संघाचा मुख्याधिपतीही होता. त्याचे नाव दों लुईस पहिला.

प्रथम त्या संघाची हकीकत सांगणे अवश्य आहे. धर्मयुद्धांत गाजलेला टेंपलर वीरांचा संघ १३१२ साली पोपच्या आज्ञेने बरखास्त झाला. पोर्तुगालचा राजा दिनिश ह्याने त्याची मालमत्ता वाया जाऊ न देता एक नवा संघ स्थापन करण्याची परवानगी मागितली, व १३१९ साली पोप योहान बाविसावे ह्यांनी ती दिली. हाच ‘ख्रिस्ताचा संघ’. पुढे राजपुत्र हेन्री १४२० साली त्याचा कारभारी झाला व संघाचा पैसा समुद्रपर्यटनाकडे वळला. १४५६ साली पोप कालिस्तस तिसरे ह्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून थेट हिंदुस्थानापर्यंत जिंकल्या जाणाऱ्या मुलखाचा धर्माधिकार ह्या संघास बहाल केला. वास्को द गामाची गलबते १४९८ साली कालिकतास आली, तेव्हा त्यांच्या शिडांवरील तांबडा क्रूस ह्याच संघाचा होता. १५५१ साली ह्या संघाचे मुख्याधिपतीपद कायमचे पोर्तुगीज राजमुकुटाशी जोडले गेले. बिशपांची नावे सुचविणे, मंदिरे बांधणे व पाद्रींचा खर्च चालविणे, असा हा हक्क व असे हे कर्तव्य होते. त्यासच ‘पदरोआदो’ म्हणजे धर्माश्रयाचा हक्क असे म्हणतात.

ह्या हक्काने आपल्या देशात पुष्कळ कार्य झाले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. गोव्याचा धर्मप्रांत १५३४ साली स्थापन झाला, त्याच वर्षी वसईचा मुलूख पोर्तुगीजांच्या हाती आला, आणि वसई व साष्टी येथे मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुळांची परंपरा सुरू झाली. परंतु एवढ्या विस्तीर्ण प्रदेशास पाद्री पुरविणे एका लहान राज्याच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून १६२२ साली रोममध्ये ‘प्रोपगंदा’ नावाचे धर्मप्रसारमंडळ स्थापन झाले, आणि ते राजाला न विचारता आपले प्रतिनिधी बिशप पाठवू लागले. दिवाडी बेटावरील मातेउश द कास्त्रो हा गोव्याचा सुपुत्र रोमला जाऊन १६३७ साली बिशप झाला व विजापूरच्या आदिलशाही मुलखासाठी नेमला गेला. गोव्याच्या अधिकाऱ्यांनी मात्र त्याचा अधिकार मानण्यास नकार दिला. दख्खनच्या ख्रिस्ती इतिहासातील हा पहिला मोठा तंटा. मुंबईत तर इंग्रजांनी १७२० साली पोर्तुगीज पाद्रींना घालवून कार्मेलीट पाद्रींस आणले, आणि १७९४ साली तेथील मंदिरे दोन्ही पक्षांत वाटून दिली. एकाच गावात दोन बिशपांची प्रजा राहू लागली.

१८३४ साली कलहाने उग्र रूप धारण केले. पोर्तुगालच्या सरकारने स्वदेशातील धर्मसंघ बंद केले. ज्या राज्याने मठांना कुलुपे लावली, तेच राज्य पूर्वेकडील धर्मकार्याचा हक्क सोडीना! पोप ग्रेगरी सोळावे ह्यांनी १८३८ साली आज्ञापत्र काढून कोचीन, क्रांगानोर व मैलापूर येथील पोर्तुगीज अधिकार काढून घेतला. गोव्याच्या पक्षाने ती आज्ञा मानली नाही. उभय पक्ष एकमेकांस फुटीर व अन्यायी म्हणू लागले.

ह्याच सुमारास कोबुर्ग कुळ रंगभूमीवर आले. साक्से-कोबुर्ग-गोथा घराण्यातील राजपुत्र फर्दिनांद ह्याचा १८३६ साली पोर्तुगालची राणी दोना मारिया दुसरी हिच्याशी विवाह झाला. हा फर्दिनांद विक्टोरिया राणीचा मामेभाऊ व तिचा पती आल्बर्ट ह्याचा चुलतभाऊ. म्हणजे पुढे मुंबईवर राज्य करणारी सम्राज्ञी आणि गोव्यावर राज्य करणारे राजे हे आप्तच होते. थोरला पुत्र दों पेद्रो पाचवा ह्याच्या काळी, १८५७ साली, रोमशी एक करार झाला, परंतु तो पुरता अमलात आला नाही. १८६१ च्या नोव्हेंबरात पाच दिवसांच्या अंतराने राजघराण्यातील दोघे भाऊ ज्वराने वारले. त्यांत राजा पेद्रोही होता. त्यामुळे दुसरा पुत्र लुईस, ज्याचे शिक्षण आरमारात झाले होते, तो एकाएकी राजा व ख्रिस्त-संघाचा मुख्याधिपती झाला. संघातील पदे तोवर केवळ मानाची उरली होती. लुईस स्वभावाने विद्याव्यासंगी होता. शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’चे त्याने केलेले भाषांतर १८७७ साली प्रसिद्ध झाले. १८६९ साली त्याच्याच राजवटीत पोर्तुगीज साम्राज्यातील गुलामगिरी कायद्याने रद्द झाली.

२३ जून १८८६ रोजी त्याच्या सरकारने पोप लिओ तेरावे ह्यांच्याशी नवा करार केला. गोव्याच्या आर्चबिशपांस ‘पूर्वेकडील पॅट्रिआर्क’ ही पदवी मिळाली. दमणचा नवा धर्मप्रांत झाला. पदरोआदोची मर्यादा आखली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात पोपमहाराजांनी हिंदुस्थानात रीतसर धर्मप्रांतांची रचना केली. मुंबई आर्चबिशपपीठ झाले व हैदराबाद धर्मप्रांत झाला. उघड वैर शमले, हे ह्या कराराचे श्रेय. परंतु मुंबईत दुहेरी सत्ता तशीच राहिली. शेजारच्या दोन घरांपैकी एक दमणच्या बिशपांचे, तर दुसरे मुंबईच्या आर्चबिशपांचे. अशा तडजोडीने भांडण थांबते, पण मने जुळत नाहीत.

राजा लुईस १८८९ साली मरण पावला. १९१० साली पोर्तुगालचे राजपद संपले, त्याबरोबर जुना संघही मोडला. पुढे तो प्रजासत्ताकाचे मानचिन्ह म्हणून पुन्हा सुरू झाला. मुंबईतील दुहेरी सत्ता १९२८ च्या कराराने मिटली, आणि १९५० साली पोर्तुगालने भारतातील गोव्याबाहेरील आपला हक्क सोडला. त्याच वर्षी वालेरियन ग्रेशियस हे मुंबईचे आर्चबिशप झाले व १९५३ साली भारताचे पहिले कार्डिनल.

वाचकहो, नांदेड व लातूर ह्या कथेत कोठे येतात? पोर्तुगीज राजाचा अंमल येथे कधीच नव्हता. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यातील हैदराबादचे धर्मकार्य प्रोपगंदाने मिलानच्या मिशनरी पाद्रींकडे सोपविले होते. आपल्या मराठवाड्यास औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत लाभला तो १९७७ साली, म्हणजे पदरोआदोची तंटेबखेडी संपून पाव शतक उलटल्यावर. आपल्या पूर्वजांस कोणत्याही राजाची बाजू घ्यावी लागली नाही, ही मोठी कृपाच होय. त्याबरोबर हेही खरे की, राजाश्रय नसल्याने येथील मंदिरास राजाच्या खजिन्याचा आधार मिळाला नाही. राजाने दिलेले दान राजाबरोबर जाते. भाविकांनी उभारलेले काम भाविकांच्याच हाती राहते. जे आपल्या हाती आले आहे, ते न भांडता व न विभागता पुढील पिढीच्या हाती देणे, हेच ह्या महोत्सवाचे खरे व्रत होय.