धुक्यात दडवलेला खर्च

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

कादंबरीत धुके कशासाठी असते? वातावरणनिर्मितीसाठी, असे आपण चटकन म्हणू. पण मला आज ज्या कादंबरीविषयी बोलायचे आहे, तिच्यातले धुके पैसे वाचवण्यासाठी आहे. ॲलन डीन फॉस्टर या अमेरिकी लेखकाची ही कादंबरी १९७८ साली प्रसिद्ध झाली. तिचे नाव ‘स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय’. ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट बहुतेकांना पाहून नाही तरी ऐकून ठाऊक असतो. त्यातली पात्रे घेऊन नवे, स्वतंत्र कथानक रचणारी ही पहिली कादंबरी. साहित्य म्हणून ती थोर आहे, असा माझा दावा नाही. पण इतिहासाचा एक कागद म्हणून ती वाचली तर हाती बरेच लागते.

त्यासाठी १९७६ सालात जावे लागेल. जॉर्ज लुकास यांचा चित्रपट तयार होत होता. खर्च सुमारे एक कोटी दहा लाख डॉलरच्या घरात चालला होता आणि ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या कंपनीतल्या अनेकांना तो वसूल होईल असे वाटत नव्हते. लुकास यांनी मानधन वाढवून मागण्याऐवजी पुढच्या भागांचे आणि खेळणी-वस्तूंचे हक्क स्वतःकडे ठेवले होते. त्या वेळी हे हक्क फारसे कुणाला मोलाचे वाटत नव्हते. चित्रपटाची हवा व्हावी म्हणून पटकथेवरून एक कादंबरी लिहून घ्यायचे ठरले. ती फॉस्टर यांनी लिहिली आणि चित्रपटाच्या सहा महिने आधी, नोव्हेंबर १९७६ मध्ये, ती बाजारात आली. मुखपृष्ठावर लेखक म्हणून नाव होते जॉर्ज लुकास यांचे. फॉस्टर यांनी त्याबद्दल कुरकुर केली नाही. कथा लुकास यांची होती, असेच ते सांगत आले.

त्याच करारात दुसऱ्या पुस्तकाचीही बोली होती. इथे खरी गंमत आहे. चित्रपट अगदीच आपटला नाही, पण फार चाललाही नाही, तर काय करायचे? दुसरा भाग थोडक्या पैशात काढायचा. फॉस्टर यांच्या दुसऱ्या पुस्तकाची कथा त्या स्वस्त दुसऱ्या भागासाठी हाताशी असावी, असा हिशेब होता. म्हणजे या लेखकाला एकाच वेळी कादंबरी लिहायची होती आणि निर्मात्याचा खिसाही सांभाळायचा होता.

हे माहीत झाले की पुस्तक वेगळेच दिसू लागते. ल्यूक आणि राजकुमारी लिया आपापल्या यानांतून निघतात आणि मिंबन नावाच्या ग्रहावर कोसळतात. ग्रह दलदलीचा, सदोदित पावसाळी, धुक्याने भरलेला. धुके असले म्हणजे पाठीमागे काय आहे ते दाखवावे लागत नाही. आपल्याकडे दौऱ्यावर नेपथ्य नेणे परवडत नसेल तर काळ्या पडद्यावर प्रयोग भागवतात, त्यातलाच हा प्रकार. पुढे नायक-नायिका जमिनीखाली जातात. तिथे तर आकाशाचाही प्रश्न मिटतो. फॉस्टर यांनी सुरुवातीला अंतराळातल्या लढाईचे एक प्रकरण लिहिले होते. ते चित्रित करणे महाग पडेल म्हणून लुकास यांनी काढायला लावले. आणि हान सोलो? तो कथेत अवतरतच नाही. कारण हॅरिसन फोर्ड यांनी पुढच्या भागांसाठी करार केलेला नव्हता. नट नाही, म्हणून पात्र नाही.

मग २५ मे १९७७ उजाडला. अमेरिकेतल्या मोजक्या चित्रपटगृहांत ‘स्टार वॉर्स’ लागला आणि पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. स्वस्त दुसऱ्या भागाची गरजच उरली नाही. फॉस्टर यांची कादंबरी छापून आली तेव्हा ती ज्या कामासाठी लिहिली होती ते काम संपलेले होते. दुसरा भाग १९८० साली भरपूर पैसा ओतून निघाला आणि त्याची कथा अगदी वेगळी होती.

आजचा वाचक या पुस्तकात एका ठिकाणी हमखास अडखळतो. ल्यूक लियावर उघड उघड भाळलेला आहे. १९८३ सालच्या तिसऱ्या चित्रपटात ही दोघे जुळी भावंडे निघाली! शेवटी डार्थ वेडरशी द्वंद्व होते, ल्यूक त्याचा हात तोडतो, वेडर खोल विवरात पडतो. तो त्याचा बाप आहे, याचा मागमूसही नाही. अनेक जण इथे हसतात. मला हसू येत नाही. दुसऱ्या भागाच्या पटकथेचा पहिला खर्डा ली ब्रॅकेट या लेखिकेने १९७८ च्या सुरुवातीला लिहिला. त्यातही ल्यूकचा बाप आणि वेडर या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. सगळे आधीपासून ठरलेले होते, असा समज पुढे पसरला खरा. हे पुस्तक त्याविरुद्धची साक्ष आहे. काहीच ठरलेले नव्हते. खटकायचेच तर दुसरे एक खटकावे: खाणकामगारांच्या गुत्त्यात लियाला नोकराणी भासवण्यासाठी ल्यूक तिच्या थोबाडीत मारतो. तो प्रसंग १९७८ मध्ये सहज खपून गेला असावा, आज वाचवत नाही. त्यानंतर दोघांची चिखलात जुंपते ती मात्र झकास आहे. इथे लिया कुणाची राजकुमारी नसते, चिडलेली तरुण मुलगी असते.

१९९१ साली टिमथी झान यांच्या ‘एअर टू द एम्पायर’पासून अशा कादंबऱ्यांचे मोठे पीक आले. पुढे २०१२ मध्ये डिस्ने कंपनीने लुकास यांची कंपनी चार अब्ज डॉलरहून अधिक किंमत देऊन घेतली आणि २०१४ मध्ये जाहीर झाले की या जुन्या कादंबऱ्यांतल्या घटना यापुढे खऱ्या धरल्या जाणार नाहीत. त्यांना ‘लेजंड्स’, म्हणजे दंतकथा, असे नाव मिळाले. फॉस्टर यांचे पुस्तकही त्यातच गेले. पण पुसलेली पाटी कोरी नसते. या कादंबरीतला ‘कायबर’ स्फटिक, जो लुकास यांच्या जुन्या खर्ड्यांतून आला होता, तो २०१६ च्या ‘रोग वन’मध्ये कथेच्या केंद्राशी आहे. आणि २०१८ च्या ‘सोलो’मध्ये हान सोलो चिखलातली लढाई लढतो, तो ग्रह मिंबनच. ज्या नटाअभावी हानला या कादंबरीत जागा मिळाली नव्हती, त्याच्याऐवजी दुसरा नट घेऊन हान शेवटी त्या दलदलीत पोहोचला.

त्यानंतर दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२० मध्ये, फॉस्टर यांनी जाहीर पत्र लिहिले. वय ७४. पहिल्या ‘स्टार वॉर्स’ची कादंबरी, हे मिंबनचे पुस्तक आणि ‘एलियन’ चित्रपटमालेवरची तीन पुस्तके विकली जात आहेत, पण स्वामित्वधन येत नाही, अशी त्यांची तक्रार होती. अमेरिकेतली विज्ञानकथा लेखकांची संघटना त्यांच्या पाठीशी उभी राहिली. आम्ही हक्क विकत घेतले, जुन्या करारातली देणी नव्हेत, असा कंपनीचा युक्तिवाद असल्याचे संघटनेने सांगितले. घर घ्यावे आणि घरावरचे कर्ज मागच्या मालकाचे म्हणावे, तसे हे झाले. हा युक्तिवाद मान्य झाला असता तर कुठल्याही लेखकाचा करार कंपनी विकली जाताच रद्दीत गेला असता. म्हणूनच फॉस्टर यांना ओळखतही नसलेले लेखक या वादात उतरले. २०२१ मध्ये फॉस्टर यांचे प्रकरण मिटले.